डोंगर नसलेले आदिवासी

मे महिन्यात तमिळनाडूचा बारावीचा निकाल लागतो आणि धरणात पुरेसा साठा असेल, तर १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी उघडले जातात. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम या पट्ट्यातील गावांत हे काही आठवडे वर्षातील सर्वाधिक धावपळीचे असतात. कालव्यांची साफसफाई, ‘कुरुवै’ भाताची तयारी आणि तालुका कचेऱ्यांतील जमाबंदी ही कामे याच दिवसांत येतात, आणि त्याच कचेऱ्यांच्या दारात दाखल्यांसाठी विद्यार्थ्यांची रांग लागते. बहुतेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जातीचा दाखला ही एक औपचारिकता असते; सेवा केंद्रात अर्ज करावा, काही दिवसांत कागद मिळावा, इतकेच. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यासाठी मात्र तोच दाखला खरी प्रवेशपरीक्षा ठरतो. बारावीचे गुण त्याने स्वतः मिळवलेले असतात. तो कोण आहे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र दुसऱ्यांच्या हाती असतो.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे स्थापन केलेले भोसले घराण्याचे राज्य १८५५पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही अभ्यासकांना तिकडे खेचून नेतो. परंतु या परिचयातून मनात उमटणारे तंजावर म्हणजे भातशेती, देवालये आणि कालव्यांचे जाळे. या चित्रात आदिवासी कोठेच नाही. प्रशासनाच्या मनातील चित्रही नेमके असेच आहे आणि आजच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

२०११च्या जनगणनेनुसार तमिळनाडूतील अनुसूचित जमातींची लोकसंख्या ७,९४,६९७ होती. म्हणजे राज्याच्या एकूण लोकसंख्येच्या १.१ टक्का. निलगिरी, कोल्ली, जव्वादु, येरकाड, पचमलै अशा डोंगरांशी ही संख्या आपल्या मनात जोडलेली असते. आदिवासी म्हणजे डोंगर, जंगल आणि वस्ती हे समीकरण वसाहतकालीन नोंदींतून आले आणि स्वातंत्र्यानंतरच्या याद्यांतही ते राहिले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनेक जमातींची मान्यता ठरावीक भागांपुरतीच होती. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने ही प्रादेशिक बंधने बहुतांशी काढून टाकली. कायद्यातून बंधन गेले, कचेरीच्या मनातून गेले नाही. ‘तुम्ही काट्टुनायकन असाल, तर येथे भाताच्या शेतात काय करता?’ हा प्रश्न आजही सपाटीवरच्या अर्जदाराला विचारला जातो.

तीन समाज, तीन अडचणी

त्रिभुज प्रदेशातील गावांत आणि बाजारपेठांत भटक्या परंपरेचे जे समाज दिसतात, त्यांपैकी तिघांची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिला समाज नरिकुरवर. मणी, माळा, सुया विकणारी ही कुटुंबे देवस्थानांच्या आणि बसस्थानकांच्या परिसरात कोणीही पाहिली असतील. पूर्वी ती शिकार करून, पक्षी पकडून जगत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि मणी ओवणे हाच मुख्य व्यवसाय उरला. त्यांची वाग्री बोली इंडो-आर्य कुळातील असून गुजरातीला जवळची मानली जाते. एडगर थर्स्टन यांनी १९०९मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतातील जाती-जमातींच्या सात खंडांत ‘कुरुविक्कारन’ म्हणजे मराठी बोलणारे पक्षी पकडणारे लोक, अशी नोंद आहे. शिवाजी महाराजांच्या सैन्याबरोबर आपले पूर्वज दक्षिणेत आले, अशी आठवण या समाजात सांगितली जाते. तिचा ऐतिहासिक पुरावा हा वेगळा विषय. पण महाराष्ट्रातील पारध्यांशी असलेले जीवनपद्धतीचे साम्य लपत नाही. पारधी आणि फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. नरिकुरवर मात्र तमिळनाडूत दशकानुदशके ‘अतिमागास वर्गा’त होते.

१९६५मध्ये लोकूर समितीने त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत करण्याची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात येण्यास सत्तावन्न वर्षे लागली. डिसेंबर २०२२मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती विधेयक मंजूर केले आणि जानेवारी २०२३पासून ‘नरिकोरवन, कुरुविक्करन’ ही नोंद तमिळनाडूच्या यादीत आली. १९६५मध्ये शाळेत जाण्याच्या वयाची जी मुले होती, ती आज आजोबा झाली. विलंबाची किंमत मोजण्याची ही सर्वांत सोपी पद्धत आहे.

दुसरा समाज ‘पूम पूम माट्टुक्कारर’. सजवलेला बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या या लोकांना मराठी माणूस ‘नंदीबैलवाले’ म्हणूनच ओळखेल. तंजावर-नागपट्टिनम भागातील या समाजाचा दावा असा, की आपण यादीतील ‘अडियन’ जमातीचेच आहोत. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र अडियन म्हणजे वायनाडच्या डोंगरातील शेतमजूर. २००४च्या सुनामीनंतर नागपट्टिनमजवळ या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा उभी राहिली आणि भीक मागणारी मुले वर्गात आली. ती वरच्या इयत्तांत पोहोचली तसा दाखल्याचा प्रश्न तीव्र झाला. शाळेत नसलेल्या मुलाला दाखला लागत नाही. शिकलेल्या मुलाला तो पदोपदी लागतो.

तिसरा गट काट्टुनायकन म्हणवणाऱ्या सपाटीवरील कुटुंबांचा. येथे नाव यादीत आहे. इतकेच नव्हे, तर काट्टुनायकन ही तमिळनाडूतील सहा विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक आहे. शंका घेतली जाते ती सपाटीवरची कुटुंबे त्याच जमातीची आहेत का, यावर.

तीन समाजांच्या तीन अडचणी वेगवेगळ्या आहेत, हे धोरणकर्त्यांनी लक्षात घेतले पाहिजे. नरिकुरवरांचा प्रश्न संसदेने सोडवला. आता उरले आहे ते अंमलबजावणीचे काम. काट्टुनायकनांचा प्रश्न पुराव्याचा आहे. नंदीबैलवाल्यांचा प्रश्न अजून घटनात्मक आहे.

यादी आणि तिचा अर्थ

घटनेच्या अनुच्छेद ३४२नुसार अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपती जाहीर करतात आणि त्यानंतर तीत भर घालण्याचा वा वगळण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद’ या २०००च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे सूत्र कठोरपणे मांडले. यादी जशी आहे तशीच वाचायची. अमुक जात ही तमुक जमातीचीच पोटशाखा आहे, हे सिद्ध करण्यासाठी चौकशी करता येणार नाही. वाद हलबा-कोष्टी समाजाचा होता आणि त्याची सुरुवात वैद्यकीय प्रवेशातून झाली होती. दावा फेटाळला गेला. मात्र सार्वजनिक पैसा खर्च होऊन शिक्षण पूर्ण झाले असल्याने त्या विद्यार्थ्याची पदवी न्यायालयाने कायम ठेवली.

या निकालाचे तर्कशास्त्र योग्य आहे. प्रत्येक तहसील कचेरीत यादीचा अर्थ विस्तारला जाऊ लागला, तर यादीला अर्थच राहणार नाही. परंतु त्याचा परिणाम असा, की ज्या समाजाचे नाव १९५०मध्ये लिहिणाऱ्याच्या कानावर पडले नाही किंवा व्यवसायावरून पडलेल्या टोपणनावानेच पडले, त्याला संसदेचा दरवाजा ठोठावण्यावाचून गत्यंतर नाही. भटक्या समाजांना स्वतःचे नाव एक, गावाने दिलेले दुसरे आणि सरकारी कागदावरचे तिसरे, ही स्थिती सर्वत्र आढळते. नंदीबैलवाल्यांच्या बाबतीत प्रामाणिक उपाय एकच : राज्य सरकारने मानववंशशास्त्रीय अभ्यास करून त्यांची बाजू एकदाच, स्पष्टपणे केंद्राकडे मांडावी. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र अर्ज करायला लावून प्रत्येक अर्जावर स्वतंत्र संशय घेणे, हा त्याला पर्याय नव्हे.

यादीची सीमा किती विलक्षण असू शकते, याचा दाखला शेजारीच आहे. कारैक्काल हा पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाचा तुकडा त्रिभुज प्रदेशाच्या पोटात वसलेला आहे. पुदुच्चेरीसाठी २०१६पर्यंत अनुसूचित जमातींची यादीच अस्तित्वात नव्हती. त्यामुळे तोवर एकाच इरुळर नातेगोत्यातील दोन मुलांपैकी नागपट्टिनमकडचा मुलगा तिरुवारूरच्या केंद्रीय विद्यापीठात साडेसात टक्के आरक्षणातून अर्ज करू शकत असे. कारैक्कालकडचा करू शकत नसे. २००९मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ दोघांच्याही घरापासून सारखेच जवळ आहे.

संशयाची जागा

तमिळनाडूत नोव्हेंबर १९८९पर्यंत अनुसूचित जमातीचा दाखला तहसीलदार देत असे. खोट्या दाखल्यांच्या तक्रारी वाढल्यावर हा अधिकार महसूल विभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडच्या प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवर नेण्यात आला. तंजावर जिल्ह्यात तंजावर, कुंभकोणम आणि पट्टुक्कोट्टै असे तीन महसूल विभाग आहेत. अन्य वर्गांतील विद्यार्थ्याचे काम तालुक्यात होते. आदिवासी विद्यार्थ्याची फाईल विभागात जाते, स्थानिक चौकशी होते आणि अर्जदाराच्या चालीरीती, विवाहविधी, देवदैवते, बोली यांबद्दल प्रश्न विचारले जातात. महसूल प्रशासनात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते, की दाखला नाकारल्याबद्दल अधिकाऱ्याची चौकशी सहसा होत नाही. दिल्याबद्दल ती वीस वर्षांनीही होऊ शकते. अशा रचनेत ‘अधिक माहिती मागवावी’ हा शेरा सर्वांत सुरक्षित ठरतो.

महाराष्ट्राची पद्धत वेगळी आहे. येथे प्रांताधिकारी दाखला देतो आणि खरी कसोटी जात वैधता समितीपुढे लागते. २०००च्या कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. थोडक्यात, महाराष्ट्राने संशय दुसऱ्या पायरीवर ठेवला, तर तमिळनाडूने तो पहिल्या पायरीवरच आणून ठेवला. पडताळणीची राज्यस्तरीय समिती तेथेही आहेच. महाराष्ट्रातील विद्यार्थी निदान हातात कागद घेऊन भांडतो. तमिळनाडूतील अनेकांच्या हाती भांडण्यासाठी कागदच नसतो.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया ‘कुमारी माधुरी पाटील’ हा १९९४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर मिळवलेल्या वैद्यकीय प्रवेशाचे ते प्रकरण होते. पडताळणी समित्या, दक्षता पथके, खोट्या दाखल्यांवर कारवाई यासाठी तो नेहमी उद्धृत होतो. त्याच निकालातील दुसरा भाग मात्र क्वचितच आठवला जातो. प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी अर्ज करावा, पडताळणी शक्य तितक्या लवकर संपवावी आणि विलंबामुळे प्रवेशाची अंतिम तारीख निघून जात असेल, तर आधी दिलेल्या दाखल्यावर किंवा पालकाच्या शपथपत्रावर तात्पुरता प्रवेश द्यावा, असेही न्यायालयाने म्हटले होते. एकाच निकालातील संशयाचा भाग प्रशासनाने आत्मसात केला आणि सवलतीचा भाग फायलीत राहिला.

खोट्या दाव्यांची चिंता निराधार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बनावट दाखल्यावर घेतलेली प्रत्येक जागा खऱ्या आदिवासी मुलाकडून हिसकावलेली असते. म्हणूनच २०१७च्या ‘जगदीश बहिरा’ निकालात दावा अवैध ठरल्यावर मिळालेले लाभही टिकणार नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. परंतु संशयाचा भार कोणावर पडतो, हे पाहावे लागेल. बनावट दावा करणारा साधनसंपन्न असतो. तो वकील लावतो, जुने कागद पैदा करतो. मणी विकणाऱ्याच्या मुलीला हे जमत नाही. चाळणी अशी झाली आहे, की तीतून सराईत निसटतो आणि खरा अडकतो.

मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : आप्तभावाची कसोटी, म्हणजे चालीरीतींच्या ज्ञानावरून जमात ओळखण्याची पद्धत, ही निर्णायक मानता येणार नाही. स्थलांतर आणि आधुनिक जीवनाच्या संपर्कामुळे परंपरा बदलतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र चालीरीतींचे महत्त्व घटले, की जुन्या कागदांचे वाढते. आणि घटनापूर्व काळातील शाळेची वा जमिनीची नोंद भटक्यांच्या घरी असणार कोठून? ज्याच्या आजोबांना शाळेने दारात उभे केले नाही, त्याच्याकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागणे हा न्याय नव्हे.

या विलंबाचे टोक ऑक्टोबर २०२२मध्ये दिसले. मुलासाठी मलैकुरवन जमातीचा दाखला मिळत नाही, या हताशेतून एका पित्याने मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्या दाव्याची गुणवत्ता काय होती, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. दावा खरा असो वा नसो, त्याचे वेळेत, लेखी आणि कारणांसह उत्तर देणे हे शासनाचे कर्तव्य होतेच.

एक टक्क्याचे गणित

दाखला मिळाला, तरी पुढे काय? तमिळनाडूच्या ६९ टक्के आरक्षणात अनुसूचित जमातींचा वाटा १ टक्का आहे. साठ जागांच्या एखाद्या पदवी वर्गात एक टक्का म्हणजे सहा दशांश जागा. मोठ्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत या टक्क्याला अर्थ असतो. गावाजवळच्या महाविद्यालयातील एका तुकडीत तो जवळपास नाहीसा होतो. नरिकुरवर पूर्वी अतिमागास आणि विमुक्तांच्या २० टक्क्यांत होते, पण तेथे त्यांची स्पर्धा मोठ्या, संघटित आणि शेतीवर स्थिरावलेल्या जातींशी होती. नव्या वर्गात स्पर्धक कमी असले, तरी वाटाही लहान आहे. त्यांना खरा लाभ केंद्रीय संस्थांतील साडेसात टक्क्यांतून होऊ शकतो. मात्र २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांची पदवी प्रवेशपरीक्षा देशभर एकच झाली आहे. राज्यात अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात. केंद्रीय परीक्षेसाठी वेगळी तयारी, संगणकावरील चाचणी आणि आगाऊ अर्ज लागतो. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला याची माहितीच बहुधा उशिरा मिळते.

तमिळनाडूची उच्च शिक्षणातील कामगिरी देशाला हेवा वाटावा अशी आहे. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार राज्याचे ढोबळ नोंदणी प्रमाण ४७ टक्के होते, तर देशाचे २८.४ टक्के आणि देशभरातील अनुसूचित जमातींचे २१.२ टक्के. मात्र २०११मध्ये राज्याची साक्षरता ८० टक्क्यांवर असताना आदिवासींची सुमारे ५४ टक्केच होती. म्हणजे पुढारलेल्या राज्यातही हा समाज एक पिढी मागे चालत होता.

या राज्याच्या यशाचे एक रहस्य येथे उपयोगी पडेल. सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी २०२०मध्ये वैद्यकीय आणि २०२१मध्ये अभियांत्रिकीसह अन्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठेवलेल्या साडेसात टक्के जागा, सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलींना २०२२पासून मिळणारे दरमहा १,००० रुपये आणि २०२४पासून मुलांसाठी सुरू झालेली तशीच योजना, या सर्वांचा निकष जात नसून सरकारी शाळेतील शिक्षण हा आहे. पुरावा शाळेच्या हजेरीपटात असतो आणि तो शासनाच्याच ताब्यात असतो. म्हणून त्यांची अंमलबजावणी झपाट्याने होते. यातील धडा सरळ आहे : जो पुरावा शासन स्वतः तयार करते, तो नागरिकाकडून मागावा लागत नाही.

काय करता येईल

पहिले, दाखल्याची प्रक्रिया बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर नववीत सुरू व्हावी आणि ती सुरू करण्याची जबाबदारी शाळा व आदिवासी कल्याण विभाग यांची असावी. वस्त्या ठाऊक आहेत, संख्या लहान आहे. एका महसूल विभागातील सर्व नरिकुरवर कुटुंबांची नोंद एका हंगामात पुरी होऊ शकते.

दुसरे, पित्याकडे वा सख्ख्या काकाकडे वैध दाखला असेल, तर वंशावळ पडताळून मुलाला तो ठरावीक दिवसांत मिळावा. नरिकुरवरांच्या जुन्या कागदांवर ‘अतिमागास’ असे लिहिलेले असणे हा विसंगतीचा पुरावा मानू नये. २०२३पूर्वी तेच कायदेशीर होते.

तिसरे, ‘सपाटीवर राहतात’ हे नकाराचे कारण असू नये, अशा स्पष्ट लेखी सूचना विभागीय अधिकाऱ्यांना द्याव्यात. नकार द्यायचाच असेल, तर तो कारणांसह, अपिलाचा मार्ग दाखवणारा आणि मुदतीत असावा.

चौथे, १९९४च्या निकालातील तात्पुरत्या प्रवेशाची तरतूद प्रवेशाच्या नियमपुस्तिकेत उतरवावी. शपथपत्र खोटे ठरल्यास प्रवेश रद्द होईल. खरे ठरल्यास वर्ष वाचेल.

पाचवे, नंदीबैलवाल्यांसारख्या समाजांबाबत राज्याने एकदाच निर्णय घ्यावा : अभ्यास, शिफारस आणि केंद्राकडे पाठपुरावा. तोवर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी राज्याने स्वतःच्या अधिकारात वेगळी सोय करण्यास घटनेचा अडथळा नाही.

यातील एकही सूचना केवळ तमिळनाडूपुरती नाही. महाराष्ट्रात पारधी, कातकरी, ठाकर यांच्या वस्त्यांतून बारावीला पोहोचलेली मुले दर जूनमध्ये वैधतेच्या रांगेत उभी राहतात आणि समित्यांपुढील प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. तंजावरला मराठी राज्यकर्ते गेले, तेव्हा मोडी दफ्तर आणि ग्रंथालय मागे राहिले. त्यामुळे त्यांचा इतिहास सिद्ध करणे सोपे आहे. त्याच रस्त्याने गेल्याची आठवण सांगणाऱ्या पक्षी पकडणाऱ्यांकडे दफ्तर नव्हते. आज त्यांच्या मुली विद्यापीठाच्या अर्जात ‘प्रवर्ग’ या रकान्यापाशी थबकतात. तो रकाना भरण्यासाठी लागणारा कागद तयार करणे हे शासनाचे काम आहे, आणि येत्या जूनपर्यंत ते पुष्कळसे करता येण्याजोगे आहे.